आप्पांची फियाट, मागचे फाटके स्पीकर आणि चार दिवसांत जळालेला नवा डेक

पद्मिनीवाला_१९

राम राम मंडळी.

मी चोपडा तालुक्यातला. आमच्याकडे १९९१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आरसी बुकात पद्मिनी, घरात मात्र पहिल्या दिवसापासून फियाट. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. आता आप्पा ७९ चे आहेत आणि स्टिअरिंगजवळच्या त्या दांडीने अजून स्वतः गिअर टाकतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी टीव्हीवर पाहिली, त्या दिवसापासून गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. त्याआधी मला धुवायला तरी मिळायची.

मागच्या काचेखालच्या फळीवर ६ बाय ९ इंची दोन लांबुळके स्पीकर आहेत, पुढे कॅसेटचा डेक. ९३ च्या सुमारास आप्पांनी मुंबईहून आणून बसवले होते. यंदा चैत्रात मनुदेवीला जाताना आवाज फर्र फर्र यायला लागला. घरी येऊन जाळी काढली. कोनाच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या, कडेला जी स्पंजची पट्टी असते तिला बोट लावलं तर पट्टी राहिलीच नाही, पावसाळ्यात पाझरलेल्या गुळासारखा काळा चिकट भुगा बोटाला आला. साबणाने दोनदा धुतलं तरी नखाखालचा डाग दुसऱ्या दिवशीही होता.

मग मी शहाणपणा केला. एका दुकानात गाडी नेली (नाव नको). त्याने नवे स्पीकर तर दिलेच, वर 'हा डेक आता म्युझियमला द्या' म्हणून ब्लूटूथवाला नवा डेकही गळ्यात मारला. तासाभरात सगळं बसवून दिलं. तीन दिवस छान वाजलं. चौथ्या दिवशी अडावदच्या पुढे, उनपदेवच्या वाटेवर, डेकमधून जळका वास आला, मग धूर. दुकानदार म्हणतो, 'गाडी जुनी आहे, करंट जास्त मारते.' वॉरंटीत बसत नाही म्हणाला.

आप्पा काही बोलले नाहीत. जुना डेक तेवढा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःकडे. हे बोलण्यापेक्षा वाईट.

आता काय करू? परत नवे स्पीकर आणू की जुने दुरुस्त होतात? गाडी खरंच करंट जास्त मारते का? आप्पांची अट एकच आहे, पत्र्याला नवं भोक पडता कामा नये.

साक्रीकर

भाऊ, 'करंट जास्त मारस' हाई ऐकीसन हसू उनं. गाडी शे का डीपी?

हिरवी अ‍ॅम्बी

मी भुसावळचा, त्यामुळे उन्हाबद्दल माझ्याकडून ऐका. मागच्या काचेखालची फळी म्हणजे आमच्याकडे पापड वाळत घालायची जागा. मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी असली की तिथे हात टेकवत नाही.

तो स्पंज पॉलियुरेथेनचा असतो. उष्णता, ऊन आणि हवेतला ओलावा यांनी तो आपोआप सडतो, वाजवा किंवा वाजवू नका. न वापरता खोक्यात ठेवलेले जुने स्पीकरसुद्धा तसेच निघतात. म्हणजे तुमच्या आप्पांनी आवाज मोठा ठेवला म्हणून झालं असं नाही, हे त्यांना आधी सांगा. माझ्या अ‍ॅम्बेसेडरमधल्या जुन्या स्पीकरला स्पंजऐवजी कापडी कड आहे. ती कडक झालीय, पण अजून धड आहे.

फळीवर सुती पंचा टाकत जा. दिसायला गावठी दिसतं. दिसू द्या.

पुण्यातला खान्देशी

भावना समजतात, पण तीस वर्षांपूर्वीचे स्पीकर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय. चारही दरवाजांत साडेसहा इंची कंपोनंट, डिकीत सब-वूफर, १२०० वॉटचा अ‍ॅम्प. माझ्या मित्राच्या जुन्या जिप्सीत केलंय, नुसता भूकंप. व्हिंटेज गाडी आहे, तिला साजेसं करा.

केळीबाग

व्हिंटेज नाही हो दादा. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाल्याशिवाय व्हिंटेज म्हणून नोंद होत नाही. ९१ ची गाडी म्हणजे अजून पोरगी आहे.

आणि भूकंप कशाला पाहिजे? आमच्या रावेरला केळीचे ट्रक भरताना जे डीजे वाजतात तेवढे पुरे.

पद्मिनीवाले भाऊ, एक शंका. गाडी कुठे उभी असते? माझ्या जीपच्या स्पीकरचा कोन उंदरांनी खाल्ला होता. कागद आणि खळ, त्यांना काय, कुरडईच ती.

पद्मिनीवाला_१९

बरोब्बर ओळखलंत केळीबाग. कापसाच्या खोलीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. डिकीत एकदा रुईचं घरटं निघालं होतं, पिल्लांसकट. कोन वाचलेत, पण डाव्या बाजूच्या तारेला दात लागले होते. दुकानदाराने डावीकडे म्हणूनच नवी तार टाकली. उजवीकडे जुनीच ठेवली.

अर्धा व्होल्ट

'उजवीकडे जुनीच ठेवली.' दादा, बहुतेक इथेच आहे सगळं.

मी धुळ्यात पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. स्पीकर फाटले हा एक आजार आणि डेक जळाला हा दुसरा. दोन्ही एका आठवड्यात झाले म्हणून एकच समजू नका.

आप्पांच्या जुन्या डेकमध्ये बहुतेक एलए ४४४० ही आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, असेल. आपल्याकडच्या टेप-डेकमध्ये ती इतकी चालली की रेडिओवाले नुसतं '४४४०' म्हणतात. स्टीरिओत ती दर बाजूला सुमारे ६ वॉट देते आणि त्या जोडणीत स्पीकरची एक तार सरळ मायनसला, म्हणजे गाडीच्या बॉडीला गेली तरी चालते. म्हणून त्या काळचे मेकॅनिक तार वाचवायचे. प्लसची एकटी तार मागे न्यायची आणि मायनस तिथल्या तिथे डिकीत पत्र्याला स्क्रूखाली आवळायची.

हल्लीच्या चार चॅनेलच्या डेकचं तसं नसतं. त्यात स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, सहा-सात व्होल्ट असतात आणि आवाज येतो तो दोघींतल्या फरकावर. त्यातली 'मायनस' म्हणून लिहिलेली तार बॉडीला टेकली की ते सहा व्होल्ट सरळ पत्र्यात शॉर्ट. चांगला डेक स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातला धूर काढतो.

मीटर असेल तर डेक काढलेला असतानाच उजव्या स्पीकरची मायनस तार आणि बॉडी यांत ओहम मोजा. त्याच बैठकीत जुन्या स्पीकरच्या दोन टोकांतही मोजा. ४ ओहमचा धड स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, पूर्ण ४ नाही. तो आकडा पाहून घाबरू नका.

अर्धा व्होल्ट

पुण्याच्या दादांसाठी वेगळं लिहिते.

डेकच्या खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ छापलेलं असतं. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरा. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४ ओहम, झाले ५२. तो ५० चा आकडा इथून येतो, पण तेवढे वॉट मिळायला डेकला गाणं सोडून नुसती चौकोनी लाट काढावी लागेल, म्हणजे निव्वळ खरखर. स्वच्छ आवाजात गणिताने त्याच्या निम्मे, २६, आणि प्रत्यक्षात १८ ते २० मिळतात. बाराशे वॉट खरेच ओढायचे म्हटले तर ८५ अँपिअर लागतील. ते पद्मिनीच्या अल्टरनेटरकडे मागणं म्हणजे शेरडाला नांगराला जुंपणं.

आधीच्या डेकला सहाच वॉट होते तरी आप्पांची तक्रार नव्हती, कारण जुने हलक्या कागदी कोनाचे स्पीकर थोड्या ताकदीत मोठे वाजतात. स्पीकर घेताना वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ८७ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० चा घेतला की निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज.

पुण्यातला खान्देशी

अर्धा व्होल्ट मॅडम, मान्य. मित्राच्या जिप्सीला दर पंधरा दिवसांनी धक्का मारावा लागतो ते आता कळलं.

तरी दरवाजांचा विचार करा असं म्हणेन. पुढून आवाज आलेला बरा वाटतो.

हिरवी अ‍ॅम्बी

दरवाजे कापायचे नाहीत हे पहिल्याच पोस्टमध्ये आहे हो. कापायचे असते तरी आधी काच पूर्ण खाली घेऊन मोजा. या गाड्यांच्या दारात काचेची यंत्रणा आणि स्पीकरचं मॅग्नेट एकाच जागेसाठी भांडतात. वरून पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दाराच्या आत उतरतंच, स्पीकरवर छत्री करावी लागते. मी एकदा केलंय हे. एकदाच.

पद्मिनीवाला_१९

मोजलं. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचं मीटर आणलं.

उजवी मायनस तार आणि बॉडी: कधी शून्य, कधी काहीच नाही. तार हलवली की आकडा बदलतो. गालिचा उचलून पाहिला तर चाकाच्या कमानीजवळ एक गंजलेला स्क्रू आणि त्याखाली ती तार. ढिली. म्हणजे सपाट रस्त्यावर टेकत नव्हती आणि उनपदेवच्या खड्ड्यांत टेकली.

जुने स्पीकर: डावा ३.४. उजव्याचा आकडा येतो आणि जातो. कोन जरा दाबला की येतो.

ताई, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत. दंडवत.

साक्रीकर

म्हंजे डेकले मारणारा दुकानदार बी नही नि गाडी बी नही, रस्ता शे. पीडब्ल्यूडीले बिल धाडा.

सोल्डरवाला नाना

नमस्कार. मी अमळनेरला चाळीस वर्षं रेडिओ, टेप, लाउडस्पीकर दुरुस्त केले. दुकान आता नाही, हात आहेत. नातवाने हा धागा दाखवला, टाइपही तोच करतोय.

उजव्या स्पीकरची कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, जळालेली नाही. जळालेली कॉइल दाबून जिवंत होत नसते. स्पीकरच्या मागच्या पत्तीपासून कोनापर्यंत एक वेणीसारखी मऊ तार जाते. हजारो वेळा हलून ती आतून तुटते, वरून धड दिसते. कोन दाबला की टोकाला टोक लागतं. ती बदलायला दहा मिनिटं लागतात.

आता डाव्याची परीक्षा करा. स्पीकर मांडीवर उताणा घ्या. मधल्या टोपीवर दाबू नका, ती पिचकते. टोपीच्या भोवती चार बोटं सारखी ठेवा, कोन हलकेच आत ढकला आणि कान जवळ न्या. मुका गेला तर कॉइल सरळ आहे. खर्र वाजलं तर ती मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. मग फक्त कडा बदलून भागणार नाही, कोन-कॉइल नवीन टाकावी लागेल आणि तेवढ्या खर्चात नवा स्पीकर येतो. तेव्हा भावनेत पडू नका.

मुका असेल तर फेकू नका. नवीन स्पंजच्या कडा मिळतात.

पद्मिनीवाला_१९

नाना, दोन्ही मुके आहेत! उजवा दाबताना आप्पा शेजारी उभे होते. पहिल्यांदाच विचारलं, 'कोण म्हणतंय हे?' म्हटलं अमळनेरचे एक नाना आहेत. म्हणाले, 'मग बरोबर असेल.' अमळनेरवर त्यांचा हा विश्वास कुठून आला ते माहीत नाही.

सोल्डरवाला नाना

व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. कडा मागवून घ्या आणि स्पीकर घेऊन या. येताना घरातला एखादा जुना एक्सरे आणा. नवा नको.

केळीबाग

एक्सरे?? नाना, स्पीकरचं फ्रॅक्चर बघणार का?

पद्मिनीवाला_१९

उशीर झाला, माफी. कापूस वेचणी सुरू होती. आता सविस्तर लिहितो.

कडा मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून ओळखीच्या पोराकडून मागवल्या. पहिली जोडी चुकली. '६ बाय ९ च्या द्या' एवढंच सांगितलं होतं. कोन कुठे संपतो आणि कडेचा फुगीर भाग कुठे सुरू होतो ते मोजून सांगावं लागतं, लांबीतही आणि रुंदीतही. आलेली कडा आडवी ४ मिलिमीटर मोठी. दुसऱ्यांदा कागदावर गिरवून फोटो पाठवला तेव्हा नीट आली.

मग एका रविवारी अमळनेर. नानांच्या ओट्यावर चटई, चटईवर वर्तमानपत्र. मला वाटलं होतं नाना लगेच फेविक्विक काढतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते शब्द मागे घेतले. फेविक्विक चिकटला की चिकटला, कोन मध्यावर आणायला वेळच मिळत नाही.

जुना भुगा काढायलाच दीड तास लागला. कागदी कोनावरून तो बोथट सुरीने खरवडायचा आणि उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायचा, फडकं ओलं नाही, नुसतं दमट. मी जोर लावला तेव्हा नाना म्हणाले, 'भाकरीचा पापुद्रा काढतोस तसा काढ. घाई केली की कोन येईल.' मग उजव्याची वेणी बदलली. जुनी वेणी चिमट्यात धरून ओढली तर आतली तार हिरवी पडलेली, भुकटी.

आता एक्सरे. मी आप्पांचा गुडघ्याचा नेला होता, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. नानांनी ब्लेडने कोनाच्या मधली टोपी तीन बाजूंनी कापली, डब्याच्या झाकणासारखी उघडली, पूर्ण काढली नाही. आत कॉइलचा नळा आणि मधला लोखंडी खांब, मध्ये केसाएवढी फट. एक्सरेच्या फिल्मच्या चार पट्ट्या कापून त्या फटीत चार दिशांना सरकवल्या. आता कॉइल इकडे तिकडे हलूच शकत नाही. आधी कडेची आतली बाजू कोनाला पांढऱ्या फेविकॉलने चिकटवली आणि चहा झाला. मग बाहेरची बाजू लोखंडी सांगाड्याला लावून वर कपड्यांचे चिमटे गोल लावले. चोवीस तास हात लावायचा नाही. मी त्या रात्री अमळनेरलाच राहिलो. नानांच्या घरी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. अवांतर आहे, पण सांगायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून काढल्या, कोन दाबला. मुका. टोपी चिकटवली. मग नानांनी दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या पत्त्यांना लावला. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर उडी मारतो. डाव्याने मारली. उजवा आत गेला. पत्तीवरची लाल खूण चुकीच्या बाजूला होती, कारखान्यातून की कुणाच्या हातून, कोण जाणे.

म्हणजे ९३ पासून दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते. एक हवा बाहेर, दुसरा आत. नाना म्हणाले, 'म्हणून तुमच्या गाडीत ढोलकी कधी ऐकूच आली नसेल.'

अर्धा व्होल्ट

वा नाना! उलट जोडणीत नेमका खालचा सूर मरतो. आणि दोन्ही बाजूंना सारखा भरलेला गाण्याचा आवाज, जो समोर मधोमध ऐकू यायला हवा, तो कुठून येतोय तेच कळत नाही.

कडा स्पंजच्याच घेतल्यात का? रबराच्या टिकल्या असत्या.

सोल्डरवाला नाना

ताई, या मापाची रबराची बरी कडा मिळाली नाही. आणि रबर जड असतं. हलक्या कोनाला जड कडा लावली की आवाज बसतो, सहा वॉटच्या डेकवर ते लगेच कळतं. स्पंज आपल्या उन्हात दहा-बारा वर्षं जाईल, वर पंचा टाकला तर जास्त. तोवर हा मुलगा स्वतः करील, त्याला आता येतं.

पद्मिनीवाला_१९

उरलेलं थोडक्यात.

डेक जुनाच बसवला. नानांनी उघडला तेव्हा आत ४४४० निघाली, ताई परत बरोबर. कॅसेट फिरवणारे दोन्ही रबरी पट्टे वितळून डांबर झाले होते. ते बदलले आणि हेड पुसलं. ब्लूटूथचं छोटं कार्ड आत व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी जोडून दिलंय, बाहेरून काही दिसत नाही. मोबाइल माझ्यासाठी, कॅसेट आप्पांसाठी.

तारा दोन्ही बाजूंना नव्या, दोन पदरी, १ चौरस मिलिमीटरच्या. या डेकला बॉडीची मायनस चालली असती, पण पुढे कुणी नवा डेक बसवला तर परत धूर नको. ताईंनी व्यनित हिशेब दिला होता, जाऊन-येऊन ८ मीटर तारेचा विरोध ०.१४ ओहम, ४ ओहमपुढे काहीच नाही. याहून जाड तार विकणाऱ्याला नमस्कार करावा. पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच घातलं आणि उंदरांसाठी लवचिक पाइप.

फळीचा पुठ्ठा भिजून फुगला होता. त्याखाली त्याच आकाराची १२ मिलिमीटर प्लाय टाकली आणि डिकीतून आत येणाऱ्या फटी बुजवल्या. यानेही बराच फरक पडला, मागची हवा पुढच्या हवेत मिसळत नाही म्हणे. स्क्रू सगळे जुन्याच भोकांत.

एक भानगड राहिली होती. गाडी चालू केली की टक टक टक, रेस दिली की जलद.

हिरवी अ‍ॅम्बी

टक टक म्हणजे इग्निशन. शिट्टीसारखं वाढत गेलं असतं तर अल्टरनेटर किंवा अर्थिंग म्हटलं असतं. डेकची प्लसची तार इग्निशन कॉइलजवळून गेलीय का बघा, आणि प्लगच्या वायरी कसल्या आहेत तेही. नुसत्या तांब्याच्या असतील तर रेझिस्टन्सवाल्या घाला.

पद्मिनीवाला_१९

तार कॉइलला चिकटूनच होती. दुसऱ्या बाजूने फिरवली, नव्वद टक्के गेली. उरलेली आप्पांना ऐकू येत नाही.

काल संध्याकाळी त्यांना गाडीत बसवलं. लताबाईंची जुनी कॅसेट लावली. मागे बसून ऐकतील असं वाटलं होतं, ते ड्रायव्हरच्या सीटवरच बसले, दार लावून घेतलं, काचा वर. मी बाहेर. पूर्ण एक बाजू संपली तेव्हा काच खाली करून विचारलं, 'ही ढोलकी आधी होती का यात?'

मग मी एक्सरेचं सांगितलं. म्हणाले, 'बरं झालं. तो गुडघा तसाही चालण्याच्या कामाचा नव्हता.'

साक्रीकर

जमी गयं भाऊ. आते ते जळेल डेकनं काय करानं?

पद्मिनीवाला_१९

ताईंनी मागितलाय, पोरांना दाखवायला. पुढच्या आठवड्यात धुळ्याला पोचवतो.

पुण्यातला खान्देशी

मनापासून अभिनंदन. माझ्या सासऱ्यांची पण ८८ ची पद्मिनी नंदुरबारला पडून आहे, तिच्यातही मागे लांबुळकेच आहेत. वाचनखूण साठवली. भाऊ, कडेची ती दोन मापं, कोनाची लांबी आणि रुंदी, इथे टाकाल का? मी पण तशाच मागवतो.

पद्मिनीवाला_१९

कागदावर गिरवलेलं होतं, तो कागद गाडीच्या कप्प्यात आहे. गाडी घेऊन आप्पा सकाळीच बाहेर पडलेत, कुठे ते सांगितलं नाही. आले की टाकतो. पण मेकनुसार माप बदलतं, आधी स्वतःच्या कोनावर कागद ठेवून गिरवा.